नऊ टॉवेल, तीन तक्रारी : घरगुती टॉवेलांच्या निगेचे एक प्रकरण

तक्रार

हे प्रकरण पाच माणसांच्या एका घराचे आहे. घरात आजी, त्यांचा मुलगा व सून आणि दोन नातवंडे राहतात. नातू सतरा वर्षांचा, नात अकरा वर्षांची. अंग पुसायचे नऊ टॉवेल वापरात होते, सर्व सुती, सात किलो क्षमतेच्या, पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनमध्ये आठवड्यातून दोनदा धुतले जाणारे. वस्त्रांच्या निगेविषयी सल्ला देण्याच्या कामातून हे प्रकरण माझ्याकडे आले तेव्हा सूनबाईंनी तक्रार अशी मांडली : "मशीनमधून काढताना छान सुगंध येतो, पण अंग पुसायला घेतला की मिनिटभरात आंबूस वास सुटतो. आणि कितीही पुसलं तरी पाणी अंगावरच राहतं." आजींचे म्हणणे वेगळे होते. त्यांना वास फारसा जाणवत नव्हता, पण टॉवेल इतका राठ झाला होता की हातांची पातळ कातडी लाल होत असे. आणखी एक बाब कोणी तक्रार म्हणून सांगितली नव्हती, ती मला दोरीवर दिसली : गडद निळ्या रंगाच्या दोन टॉवेलांवर फिकट नारिंगी ठिपके पडलेले होते.

गेल्या आठ महिन्यांत घरात उपायांची कमतरता नव्हती. राठपणा वाढला म्हणून सॉफ्टनरचे प्रमाण दुप्पट झाले होते. वास आला म्हणून द्रवरूप डिटर्जंटही वाढवला गेला आणि एका टोपणाऐवजी दोन टोपणे पडू लागली. कुठेतरी वाचून व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून टॉवेल भिजवून पाहिले, पण फेस भरपूर आला आणि फरक काहीच पडला नाही. तो पडणारही नव्हता, कारण आम्ल आणि अल्क एकमेकांना निष्प्रभ करतात; कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघून जातात आणि मागे उरते ते बहुतांशी खारट पाणी, ज्याच्या अंगी धुण्याचा गुण जवळजवळ नसतो. अखेरीस दोन नवे टॉवेल आणले गेले. सहाच आठवड्यांत तेही जुन्यांसारखेच वागू लागले. माझ्या दृष्टीने साऱ्या हकिकतीतला हा सर्वांत बोलका तपशील होता, कारण नवे कोरे टॉवेल दीड महिन्यात बिघडत असतील तर दोष टॉवेलांत नसून ते धुण्या-वाळवण्याच्या पद्धतीत आहे, हे उघड होते.

पाहणी

टॉवेलाची घडण साध्या कापडाहून निराळी असते. तळाशी घट्ट विणलेले कापड असते आणि त्यावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या, जादा धाग्यांचे असंख्य छोटे फास उभे असतात. या फासांमुळे पाण्याला भिडणारे क्षेत्र कित्येक पटींनी वाढते, त्यांच्यामधल्या पोकळ्यांतही पाणी धरले जाते, आणि कापसातील सेल्युलोजला मुळातच पाण्याची ओढ असते. म्हणजे टॉवेलाने पाणी टिपायचे तर दोन गोष्टी हव्यात : फास उभे आणि मोकळे हवेत, आणि तंतूंचा पृष्ठभाग उघडा हवा. यांपैकी काय बिघडले आहे हे पाहण्यासाठी मी प्रत्येक टॉवेलाच्या मधोमध पाण्याचा एक थेंब सोडला. निकोप सुती टॉवेलावर थेंब पडताक्षणीच नाहीसा होतो. येथे नऊपैकी सात टॉवेलांवर तो मण्यासारखा टिकून राहिला, एकावर तर चाळीस सेकंदांहून अधिक काळ. बोटांना फास चिकट नव्हे, पण मेणचट लागत होते.

तुलनेसाठी योगायोगाने एक दहावा टॉवेल हाती आला. तो सर्वांत जुना, विटका, कडेने विरलेला, आणि फरशी पुसण्यासाठी बाजूला काढलेला होता. त्याने थेंब तात्काळ शोषला, आणि भिजवल्यावर त्याला कसलाही वास आला नाही. घरातल्या सर्वांत उपेक्षित टॉवेलाची प्रकृती सर्वांत चांगली निघाली, याचे घरच्यांना हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. तो मशीनमध्ये कधी जात नसे. बादलीत साध्या पावडरीने, हाताने धुतला जाई, त्याला सॉफ्टनर कधी मिळाला नव्हता, आणि तो बाहेर उन्हात पसरून वाळत असे. अर्थात एवढ्यावरून एकाच कारणावर बोट ठेवणे घाईचे ठरले असते, कारण या टॉवेलात आणि इतरांत एकाच वेळी चार गोष्टी वेगळ्या होत्या. म्हणून पुढची तपासणी एकेक गोष्ट सुटी करून केली.

नुकताच धुऊन वाळलेला एक टॉवेल मी बादलीभर स्वच्छ गरम पाण्यात घालून हाताने खळबळला. पाण्यात डिटर्जंटचा कणही टाकलेला नव्हता, तरी पाणी दुधट झाले आणि वर फेस आला. धुतलेला म्हणून कपाटात जाणारा टॉवेल प्रत्यक्षात साबणाचे पाणी अंगात मुरवून वाळलेला होता. पाण्याची जडता मोजण्याच्या कागदी पट्टीवर आकडा लिटरला सुमारे 250 मिलिग्रॅम आला. 180 च्या वरचे पाणी सामान्यतः अतिजड समजले जाते. अशा पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डिटर्जंटचा काही भाग निकामी करतात आणि उरलेल्या मळाशी मिळून न विरघळणारा थर तंतूंवर बसवतात.

मशीनमध्ये काय आढळले ते थोडक्यात सांगता येईल : दाराभोवतीच्या रबराच्या घडीत काळसर बुळबुळीत थर, सॉफ्टनरच्या कप्प्यात जेलीसारखा साका, आणि धुणे संपल्यावर दार घट्ट बंद करून ठेवण्याची सवय. धुलाईचा प्रकार मात्र थोडा सविस्तर पाहावा लागला. वीज आणि वेळ वाचावी म्हणून घरात अर्ध्या तासाचा, 30 अंश सेल्सियसचा जलद प्रकार निवडला जात असे. सात किलो हा आकडा सुती कपड्यांच्या पूर्ण लांबीच्या धुलाईसाठी असतो. जलद प्रकाराची मर्यादा त्याहून बरीच कमी असते, आणि या मशीनच्या माहितीपुस्तिकेत ती अडीच किलो दिलेली होती. 70 सेंटिमीटर रुंद आणि 140 सेंटिमीटर लांब असा, दर चौरस मीटरला 550 ग्रॅम वजनाचा एक टॉवेल कोरडा असताना सुमारे 540 ग्रॅम भरतो. नऊ टॉवेल म्हणजे जवळजवळ पाच किलो. मर्यादेच्या दुप्पट भार, दुप्पट डिटर्जंट, कोमट म्हणता येईल असे पाणी आणि आखूड विसळणी एकत्र आल्यावर बादलीतल्या त्या फेसाचे कोडे उरले नाही.

शेवटी वाळवणे. न्हाणीघरात दाराच्या मागे पाच खुंट्या होत्या, आणि वापरलेला टॉवेल तिथेच घड्या पडलेल्या स्थितीत लटकत असे. मी एक टॉवेल स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. कोरडा असताना 540 ग्रॅम, अंग पुसल्यावर 640 ग्रॅम. खुंटीवर बारा तास राहिल्यानंतर त्याचे वजन 590 ग्रॅम होते, म्हणजे निम्मे पाणी अजून आतच होते, आणि दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळीही तो पुरता वाळलेला नव्हता. तेवढाच ओला दुसरा टॉवेल खिडकीजवळच्या दांडीवर एकेरी पसरला, तो सहा तासांत मूळ वजनावर आला. मापाची ही पद्धत काही प्रयोगशाळेची नव्हे, पण घरच्यांना पटवायला याहून चांगले साधन मला सापडले नसते. "वाळला असेल" आणि "वाळला" यांत पन्नास ग्रॅमचा फरक आहे, हे काट्यावर स्पष्ट दिसत होते.

तीन तक्रारींचे एकच चक्र

घरात वास, राठपणा आणि पाणी न टिपणे या तिन्हींना मिळून "टॉवेल खराब झालेत" असे एकच नाव दिले गेले होते, आणि घोटाळ्याचे मूळ मला तिथे दिसते. तिन्हींची कारणे वेगवेगळी आहेत. एवढेच नव्हे, तर एकीवरचा उपाय दुसरीला वाढवत होता.

वास जंतूंमुळे येतो. अंग पुसताना टॉवेलात त्वचेचे तेल आणि मृत पेशी जातात. ओलावा टिकला की त्यांवर जिवाणू वाढतात आणि वास असणारी आम्ले तयार करतात. जपानी संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, धुतलेल्या कपड्यांच्या कुबट वासामागे मोरॅक्सेला ओस्लोएन्सिस हा जिवाणू आणि तो निर्माण करत असलेले 4-मिथाइल-3-हेक्झेनॉइक आम्ल असल्याचे दाखवले गेले. हा जिवाणू वाळवणे आणि अतिनील किरणे यांना बऱ्यापैकी दाद देत नाही. त्यामुळे टॉवेल कोरडा असेपर्यंत सुगंधी राहतो आणि भिजला की जुना वास परत येतो. सूनबाईंनी वर्णन केलेला "मिनिटभराने सुटणारा" वास तो हाच.

राठपणाचे कारण घाण नव्हे. सुती कापड हलवल्याविना हवेत वाळले की ते कडक होते, अगदी शुद्ध पाण्यात धुतले असले तरीही. काओ ही कंपनी आणि होक्काइदो विद्यापीठ येथील संशोधकांनी 2020 मध्ये याचे जे स्पष्टीकरण पुढे आणले त्यानुसार, तंतूंच्या पृष्ठभागाला बांधलेले थोडे पाणी वाळल्यावरही उरते आणि ते शेजारच्या तंतूंना गोंदासारखे जोडून ठेवते. जड पाण्यातील क्षारांनी हा कडकपणा आणखी वाढतो. सॉफ्टनर तो कमी करतो, यात शंका नाही. त्यातील धनभारित, स्निग्ध शेपटी असलेले रेणू पाण्यात किंचित ऋणभारित असलेल्या कापसाला चिकटतात आणि तंतू एकमेकांवरून घसरू लागतात. पण हीच स्निग्ध शेपटी पाण्याला दूर सारते. अंगात घालायच्या सदऱ्याला त्याने फारसे बिघडत नाही. टॉवेलाचे मात्र सारे कामच पाणी टिपण्याचे आहे, म्हणून टॉवेलांना सॉफ्टनर वापरूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता चक्र जुळते. टॉवेल राठ लागला म्हणून सॉफ्टनर वाढला. सॉफ्टनरमुळे तंतूंवर थर बसला आणि तो थर, अडकलेल्या त्वचेच्या तेलासह, थंड आणि आखूड धुलाईत निघेना. त्या तेलावर, खुंटीवरच्या दीर्घ ओलाव्यात, जिवाणू पोसले आणि वास आला. वास आला म्हणून डिटर्जंट वाढला, तो गच्च भरलेल्या ड्रममध्ये विसळला गेला नाही, तंतूंत वाळला आणि टॉवेल पुन्हा राठ झाला. प्रत्येक वेळी काहीतरी जास्त घातले जात होते.

उपाय आणि त्यांचा क्रम

सुरुवात टॉवेलांपासून न करता मशीनपासून केली, कारण बुळबुळीत रबराच्या सहवासात स्वच्छ झालेले टॉवेल फार काळ स्वच्छ राहिले नसते. कप्पा काढून घासला, रबराच्या घड्या पुसल्या, खालची जाळी साफ केली आणि रिकामे मशीन 90 अंशांवर, ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीनऐवजी पेरॉक्साइडने काम करणारे ब्लीच) असलेली पावडर घालून पूर्ण चालवले. तेव्हापासून दार आणि कप्पा दोन्ही किलकिले ठेवले जातात.

टॉवेल दोन गटांत विभागले, चार आणि पाच. पहिली फेरी 60 अंशांवर, काहीही न घालता, जादा विसळणीसह झाली. अंगात मुरलेला डिटर्जंट बाहेर काढणे एवढाच तिचा हेतू होता, आणि दाराच्या काचेतून दिसणारा फेस पाहून नातीने विचारले की साबण कोणी टाकला. दुसरी पायरी क्षार काढण्याची : दहा लिटर गरम पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक आम्ल, त्यात तासभर भिजवणे आणि नंतर भरपूर विसळणे. विसळणे येथे ऐच्छिक नाही, कारण कापसात उरलेले आम्ल वाळताना तीव्र होत जाते आणि सेल्युलोजचे बंध तोडून धागा कमकुवत करते. तिसरी पायरी सोडियम परकार्बोनेटची. हा पदार्थ पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सोडतो. सोड्याने तेल सुटते, पेरॉक्साइडने जंतू मरतात. थंड पाण्यात त्याचे काम रेंगाळते, म्हणून 60 अंशांच्या पाण्यात, रंगीत टॉवेलांच्या कोपऱ्यावर आधी चाचणी घेऊन, ते चार तास भिजवले आणि मग नेहमीच्या पावडरीने सुती कपड्यांच्या पूर्ण प्रकारावर धुतले. आम्लाची आणि अल्काची पायरी वेगवेगळी ठेवली, नाहीतर व्हिनेगर-सोड्याचीच गत झाली असती.

भिजवलेले पाणी तपकिरी झाले. ते पाहून घरच्यांना वाटले की ही सारी आठ महिन्यांची घाण. तसे पुरते नव्हे. गडद टॉवेलांतून सुटलेला रंग आणि जुना डिटर्जंट यांचाही त्यात मोठा वाटा असतो. पाणी किती काळे झाले यावरून यश मोजणे फसवे आहे, आणि म्हणून मी पुन्हा थेंबाचीच चाचणी घेतली.

येथे एक इशारा देणे भाग आहे. चौकशीत कळले की मधल्या काळात एकदा क्लोरीनयुक्त ब्लीच ड्रममध्ये आणि व्हिनेगर सॉफ्टनरच्या कप्प्यात, असे एकाच धुलाईत वापरले गेले होते. अशा ब्लीचमधले हायपोक्लोराइट आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, जो बंद न्हाणीघरात फुप्फुसांना इजा करू शकतो. सुदैवाने प्रमाण कमी होते आणि दोन्ही वेगळ्या टप्प्यांत पडले. हे दोन पदार्थ एकाच धुण्यात, एकाच बादलीत, किंबहुना एकाच दिवशी एका टॉवेलावर येऊ नयेत.

नारिंगी ठिपक्यांचा दोष घरच्यांनी त्याच क्लोरीनला दिला होता. पण ठिपके फक्त नातवाच्या टॉवेलांवर, आणि तेही चेहरा पुसला जातो त्या टोकाकडे होते. मुरुमांसाठी तो लावत असलेल्या मलमात बेंझॉइल पेरॉक्साइड होते, आणि हा पदार्थ रंगीत कापडाचा रंग उडवतो. डाग धुऊन जाणारा नव्हे, कारण तिथे काही लागलेले नसून असलेला रंग गेलेला आहे. नातवाला चेहऱ्यासाठी वेगळा पांढरा टॉवेल देण्यात आला आणि हा मुद्दा दोन मिनिटांत संपला.

त्यानंतरचे आठवडे

नित्याची पद्धत अशी ठरली. एका वेळी चार किंवा पाच टॉवेल, 60 अंश, पूर्ण लांबीची धुलाई, जादा विसळणी, सॉफ्टनर बंद. डिटर्जंट मोजून, पाकिटावर जड पाण्यासाठी दिलेल्या प्रमाणात. सूनबाईंचा कल आता अगदी चिमूटभर पावडरीकडे झुकला होता, तो मला मोडून काढावा लागला, कारण जड पाण्यात डिटर्जंट फार कमी पडला तर मळ सुटूनही पुन्हा कापडावरच बसतो आणि टॉवेल करडे पडतात. द्रवाऐवजी पावडर निवडली ती तिच्यात ऑक्सिजन ब्लीच असते म्हणून. द्रवरूप डिटर्जंटांत ते सहसा टिकत नाही. टॉवेल तीन-चार वापरांनंतर धुवायचा, आणि मधल्या काळात खुंटीवर नव्हे, तर दांडीवर एकेरी पसरायचा.

दुसऱ्या आठवड्याअखेर नऊपैकी सात टॉवेल थेंब लगेच शोषू लागले आणि त्यांचा वास गेला. उरलेल्या दोहोंपैकी एकाचे फास मधोमध इतके झिजले होते की तिथे केवळ तळाचे कापड राहिले होते. त्याला कोणताही उपाय लागू नव्हता आणि तो पुसण्याच्या कामाला गेला. दुसऱ्याचा एक फास ओढला जाऊन लांब लोंबत होता आणि तो ओढून काढण्याच्या प्रयत्नात ओळीची ओळ उसवली होती. असा फास ओढायचा नसतो, कात्रीने पृष्ठभागाशी कापायचा असतो. तळाच्या विणीने तो धरलेला असल्यामुळे कापल्याने कापड उसवत नाही. तो टॉवेल कडेला शिवून वापरात ठेवला.

चौथ्या आठवड्यात वास परतला, पण दोनच टॉवेलांना. सलग पाच दिवस हवा दमट होती, दांडीवर जागा पुरत नव्हती, म्हणून ते दोन पुन्हा खुंटीवर गेले होते. मला या पुनरावृत्तीचे वाईट वाटले नाही, कारण फरशीच्या टॉवेलाने जे सिद्ध होऊ शकले नव्हते ते हिने केले : पाणी, पावडर, तापमान, मशीन सारे तेच असताना केवळ वाळण्याचा वेळ वाढला आणि वास आला. दोन्ही टॉवेल परकार्बोनेटमध्ये एकदा भिजवून धुतल्यावर ठीक झाले. न्हाणीघरात दुसरी दांडी बसवली, आणि दमट दिवसांत पिळणीचा वेग वाढवून टॉवेल पंख्याखाली वाळवायचे ठरले.

राठपणा मात्र पूर्ण गेला नाही. वाळत घालण्यापूर्वी टॉवेल दोन्ही टोकांनी धरून जोरात सात-आठ वेळा झटकला की दबलेले फास उभे राहतात, आणि वाळल्यावर पुन्हा झटकला की तंतूंमधले जोड सुटतात. त्याने स्पर्श बराच सुधारला. पण सॉफ्टनरचा निसरडा मऊपणा त्याला येत नाही आणि तो येईल असे मी सांगितलेही नव्हते. सूनबाईंना आणि मुलांना हा करकरीत टॉवेल आवडू लागला. आजींना तो आवडला नाही. "तुमचं सगळं शास्त्र बरोबर असेल, पण कातडी माझी आहे," असे त्यांनी सांगितले, आणि त्यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते. त्यांच्यासाठी दर चौरस मीटरला 350 ग्रॅमचे, आखूड फासांचे दोन पातळ टॉवेल घेतले. पातळ टॉवेल कमी पाणी धरतो, पण लवकर वाळतो आणि वाळल्यावर हाताने चोळून मऊ करता येतो. रोज सकाळी नात तो दोन मिनिटे चोळून आजींच्या हातात देते, आणि गेल्या दोन महिन्यांत त्यांनी सॉफ्टनर मागितलेला नाही.